दिवे मालवून येणारी गाडी

आमच्या गल्लीत त्याला सगळे ‘आरपार’ म्हणायचे. खिडकीत काच बसवून झाली की तो दोन पावलं मागे सरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, “आरपार!” त्याचं खरं नाव निम्म्या गिऱ्हाइकांना माहीतच नव्हतं. मी सुतार. खिडकीची चौकट माझी आणि काच त्याची, असं आमचं बावीस वर्षं चाललं होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे होतं, कारण आरपार बोलायला लागला की समोरच्याला तडा जाईल इतकं खरं बोलायचा. “तुमच्या दिवाणखान्याला एवढी मोठी काच कशाला? बाहेर बघायला आहे काय, गटार?” असं तो एका बाईंना तोंडावर म्हणाला होता. ते काम गेलं. पण त्या बाईंनी पुढं खरंच छोटी खिडकी करून घेतली, तीही आमच्याकडूनच.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. एका मोठ्या लाँड्रीत त्या रफूचं काम करायच्या. कपड्याचाच एक धागा उसवून काढायचा आणि त्याच धाग्यानं भोक विणून टाकायचं. असं काम की एकदा एक गृहस्थ भांडायला आले होते, “माझा फाटका कोट कुठाय? हा तुम्ही कुणाचा तरी दुसराच दिलात.” वहिनी ही गोष्ट सांगताना इतक्या हसायच्या की शेवट आरपारलाच पुरा करावा लागे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख असेल, पण त्यांनी ते कधी पाहुण्यांपुढं मांडलं नाही.

मग वहिनींना मेंदूज्वर झाला. तीन आठवडे इस्पितळात होत्या. वाचल्या, हातपाय, बोलणं, आठवण सगळं शाबूत घेऊन घरी आल्या. एकच गोष्ट मागं राहिली. डोळ्यांवर अचानक झगझगीत उजेड आला किंवा उजेड लुकलुकला की त्यांना फिट यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फिटा कमी होतील, म्हणाले, पण उजेडाला जपा.

घर असं होतं की पुढं काचेचं दुकान, मागं दोन खोल्या, आणि झोपायच्या खोलीची खिडकी अगदी गल्लीच्या तोंडाकडे बघणारी. गल्ली बंद, पुढं वाट नाही. रुंदी एवढीच की एक गाडी आत घातली तर दोन्ही बाजूंनी हातभर जागा उरावी. आरपारनं खिडक्यांना आतून जाड कापड लावलं, दिवे बदलून मिणमिणते पिवळे घातले, ट्यूबलाइट काढून टाकली कारण ती लागताना लुकलुकते. वहिनींची नोकरी गेली. रफूला डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, आणि तेल घालायला डोळेच मोकळे नव्हते. त्या अर्ध्या अंधारात बसून बोटांनी चाचपत मफलर विणायला शिकल्या.

“घुबडाला संसार थाटून दिलाय तुमच्या मित्रानं, भावोजी,” त्या मला म्हणायच्या. “आता झाडाची ढोली तेवढी बघायची राहिलीय.”

दिवसातली एक वेळ मात्र त्यांची होती. सूर्य गेला आणि रस्त्यावरचे दिवे लागायचे आहेत, त्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात त्या काळा चष्मा काढून दाराच्या पायरीवर येऊन बसत. तेवढाच उजेड त्यांना सोसत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत, कुणाच्या लेकराचा फाटका खिसा मांडीवर घेऊन अंदाजानं टाके घालत. आणि आरपारची वाट बघत.

आरपारची जुनी डिझेलची गाडी होती. तिच्या हौद्यात काचा तिरक्या उभ्या करायला मी लाकडी घोडी करून दिली होती. गाडी गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंच्या घरांची तावदानं थंडी वाजल्यासारखी कडकडायची. तो आवाज वहिनींच्या डोक्यात जायचा. त्या दोन्ही हातांनी कान दाबून बसत, आणि आरपार आत येऊन विचारी, “दुखतंय?” तर म्हणत, “छे! तुमची स्वारी आली म्हणून तुतारी ऐकत होते.”

त्याला ते सहन होईना. एके दिवशी म्हणाला, “चल, विजेवरची गाडी बघून येऊ.” आम्ही गेलो. विकणाऱ्यानं आम्हाला आत बसवलं आणि म्हणाला, “घ्या काका, चालवा.”

“चालू तर करा आधी,” आरपार म्हणाला.

“चालूच आहे.”

आरपारनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कान लावला, परत आत घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. लहान मुलाला मोठ्यांनी हवं ते खेळणं दिल्यावर त्याचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता. “ऐकलंस?” तो म्हणाला. “काही नाही. काहीच ऐकू येत नाही!” त्यानं दुसरं काहीही विचारलं नाही. हौदा किती लांब, वजन किती पेलते, ते मी विचारलं.

पंधरा दिवसांनी गाडी आली. पहिल्या संध्याकाळी तो ती घेऊन गल्लीत शिरला तेव्हा मी माझ्या दुकानाच्या दारात उभा होतो. खरंच आवाज नव्हता, नुसता चाकांखाली वाळू चुरडल्याचा. पण तिन्हीसांजेची वेळ होती. गाडीनं आपणहून ओळखलं की अंधार पडतोय, आणि आपणहून पुढचे दोन्ही दिवे लावले. आजवर मी इतके पांढरे दिवे पाहिले नव्हते. सबंध गल्ली धुतल्यासारखी उजळली आणि तो झोत सरळ खिडकीवर पडला. सुदैवानं वहिनी त्या दिवशी आतच होत्या. आरपारला बंद करायचं बटण सापडेना. सापडेल कसं, बटण नव्हतंच. जुन्या गाडीत एक दांडी होती, पिरगाळली की संपलं. इथं होता ताटाएवढा काचेचा पडदा. तो तसाच उतरून आत धावला, आणि त्यानं दार लोटल्यावर गाडीनं स्वतःला कुलूप लावलं, इंडिकेटर दोनदा लुकलुकवले, आणि मालकाला घरापर्यंत वाट दिसावी म्हणून पुढचे दिवे अर्धं मिनिट आणखी पेटते ठेवले. कापडाच्या कडेच्या फटीतून तेवढा उजेड पुरला. वहिनींना फिट आली.

दुसऱ्या दिवशी तो गाडी परत करायलाच निघाला होता. मी म्हटलं, आधी विचारून तर बघू.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक मुलगी होती, पंचविशीची, कानावर पेन खोचलेली. तिनं सुरुवातीला पाठ केलेलं सांगितलं, “काका, ऑटोमॅटिक दिवे ही सुरक्षेची सोय आहे, ती ठेवलेलीच बरी.” आरपारनं तिला घरची सगळी हकीकत सांगितली. नेहमीसारखी, काही न लपवता, वहिनींच्या तोंडाला फेस येतो तो कसा पुसावा लागतो इथपर्यंत. मुलीनं कानावरचं पेन काढून ठेवलं आणि म्हणाली, “चला, गाडीत बसू.”

तिनं त्याला शिकवलं. पडद्यावर गाडीचं चित्र, त्याला बोट लावायचं. मग ‘दिवे’. मग चार खुणा दिसतात: ऑटो, चालू, पार्किंग, बंद. ‘बंद’वर बोट ठेवलं की पुढचे दिवे मालवतात. पण गाडी एकदा थांबवून पुन्हा चालवायला घेतली की ती ते विसरते आणि परत ऑटोवर जाते.

“म्हणजे रोज करायचं?” आरपारनं विचारलं.

“रोज. आणि मोठ्या रस्त्यावर नाही हं काका, गल्लीच्या तोंडाशी थांबून, मगच.” मग तिनं आतली दोन कलमं दाखवली. एक, उतरल्यावर दिवे पेटते ठेवायचे का. दोन, कुलूप लागताना इंडिकेटर लुकलुकवायचे का. दोन्हींपुढची खूण तिनं काढून टाकली. “ही दोन मात्र एकदा बंद केली की बंदच राहतात.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं त्याच्याकडून ते दहा वेळा करून घेतलं. काच कापून राठ झालेली त्याची बोटं पडदा ओळखेना, तेव्हा तिनं त्याला करंगळी वापरायला सांगितली. त्या दिवसापासून आरपार रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, करंगळीनं तीनदा टिचकी मारायचा आणि दिवे मालवून, मुंगीच्या पावलानं आत यायचा. आवाज नाही, उजेड नाही. पायरीवर बसलेल्या वहिनी म्हणायच्या, “आलं गं बाई माझं भूत!” आणि भूत खाली उतरून विचारायचं, “चहा आहे का?”

ती दोन वर्षं चांगली गेली. फिटा आधी महिन्याला एक, मग तीन महिन्यांनी, आणि शेवटी तर आठ महिने एकही नाही. वहिनींची थोरली बहीण, आम्ही सगळे जिला ताई म्हणतो, दोन गल्ल्या सोडून राहते. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली. ती रोज दुपारी बहिणीला फोन करायची आणि आठवड्यातून दोनदा येऊन बसायची. ती मला म्हणाली होती, “हिला इतकं हसताना मी लग्नाआधीसुद्धा बघितलं नव्हतं.”

आता त्या दिवसाचं सांगतो.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काचेची आडभिंत बसवायची होती. मी आणि आरपार सकाळीच गेलो. दुपारी शेवटची काच उतरवायची वेळ आली तेव्हा आरपार आणि दवाखान्याचा माणूस हौद्याशी काच धरून उभे होते. मी टेप आणायला गाडीत पुढच्या सीटवर बसलो, तर पडद्यावर काहीतरी आलं होतं. मी ओरडून सांगितलं, “अरे, ही गाडी काहीतरी विचारतेय. नवीन सुधारणा आलीय म्हणते. आता टाकू की नंतर? पंचवीस मिनिटं लागतील.”

“काय?” तो काचेपलीकडून म्हणाला.

“‘हो’ दाबू का?”

“दाब! जेवेपर्यंत होऊन जाईल. आणि टेप आण लवकर, हात भरून आलेत!”

मी दाबलं. खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. मला चष्मा लागतो आणि चष्मा वरच्या खिशात होता, एवढ्या जवळ. पण त्याचे हात भरून आले होते, म्हणून मी टेप उचलली आणि धावलो.

संध्याकाळी आम्ही परतलो. काम छान झालं होतं, दंतवैद्य खूश होता, आरपार वाटेत कुठलंसं गाणं चुकीच्या शब्दांत म्हणत होता. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. करंगळीनं तीन टिचक्या मारल्या. पुढचे दिवे मालवले. सगळं रोजच्यासारखं. आम्ही हळूच आत आलो. वहिनी पायरीवर होत्या, चष्मा मांडीवर. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. तोंडानं काही म्हणाल्या असतील, काच वर होती, मला ऐकू आलं नाही.

तो एका दारानं उतरला, मी दुसऱ्या. दारं लागली. तो वहिनींकडे चार पावलं गेला असेल. गाडीनं आपोआप कुलूप लावलं. इंडिकेटर लुकलुकले, एकदा, दोनदा, आणि पुढचे दोन्ही दिवे पेटले. पंधरा हातांवरून, सरळ वहिनींच्या तोंडावर.

त्यांनी डोळ्यांवर हात नेला. हात पोचला नाही. त्या तशाच मागं, पायरीच्या दगडी काठावर पडल्या.

आरपार त्यांच्यावर आडवा झाला, आपल्या पाठीनं उजेड अडवायला. मी गाडीकडे धावलो, दार उघडेना, किल्ली त्याच्या खिशात. मी अंगातला शर्ट काढून एका दिव्यावर टाकला आणि दुसऱ्यावर स्वतः पोट टेकवून उभा राहिलो. अर्धं मिनिट. मग ते आपोआप मालवले.

इस्पितळात फिट थांबेना. एक संपली की दुसरी. डोक्याला मागून मार लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, आरपार तोंड धुवायला बाहेर गेला होता तेवढ्यात, वहिनी गेल्या. मी जवळ होतो. तो नळ बंद करून रुमालानं हात पुसत आला आणि माझ्याकडे बघून तिथंच थांबला. त्यानं बराच वेळ हात पुसले.

गाडी गल्लीत तशीच होती. चार-पाच दिवसांनी त्यानं किल्ली माझ्या हातात दिली, “नेऊन दाखव. काय झालं ते विचार.” सर्व्हिस सेंटरमध्ये तीच मुलगी होती. तिनं पडदा उघडला, आतल्या कलमांपाशी गेली. दोन्हींपुढं खुणा होत्या. तिचा चेहरा उतरला. “काका, नवीन सुधारणा टाकली होती का?”

“हो.”

“तिनं सगळं मुळासारखं केलंय. कारखान्यातून येतं तसं.” मग हळूच म्हणाली, “काकू बऱ्या आहेत ना?”

मी नकारार्थी मान हलवली. ती काउंटरच्या मागं खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, कामाच्या कपड्यांतच. आरपारसमोर उभी राहून म्हणाली, “मी नक्की म्हणाले होते. बंदच राहतात म्हणाले होते. मला माहीत नव्हतं हो काका. मागच्या आठवड्यात आम्हाला पत्रक आलं होतं, मी सगळ्यांना फोन करायला घेतले होते. तुमचा नंबर दुसऱ्या पानावर होता.”

आरपार खाटेवर बसला होता. त्यानं तिला बसायला सांगितलं. तिला पाणी दिलं. “तू शिकवलंस म्हणून दोन वर्षं मिळाली, पोरी,” तो म्हणाला. “नाहीतर पहिल्याच आठवड्यात मी गाडी विकून तुतारी परत आणली असती.” मुलीला तुतारीचं काही कळलं नाही. ती रडत राहिली.

ताई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगी गेल्यावर ती पुढं आली. टेलिफोनवर हजारो माणसांशी बोललेली बाई, तिचा आवाज नेहमी सपाट असतो. तिनं आरपारला विचारलं, “भावोजी, मला एक समजत नाही. ही सुधारणा आपोआप आली, का कुणीतरी हो म्हटलं?”

मी तोंड उघडलं. आरपारनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “मी दाबलं,” तो म्हणाला. “दुपारी विचारलं होतं गाडीनं. मीच हो दाबलं. वाचलं नाही.”

“वाचायला काय झालं होतं?” ताई म्हणाली.

“घाई होती.”

ताई पदर घेऊन निघून गेली आणि पुढं महिनाभर त्या घराची पायरी चढली नाही. आणि मी, बावीस वर्षांचा मित्र, तिथं खुर्चीवर बसून होतो. तो मला पोचवायला रस्त्यावर आला तेव्हा मी म्हणालो, “असं का सांगितलंस?”

“मग काय सांगू? मीच म्हटलं ना, दाब.”

“पण बोट माझं होतं.”

“तू गप्प बस,” तो म्हणाला. “तुला बायको-पोरं आहेत. तुला झोप लागली पाहिजे.”

झोप कसली लागते! दुकानात रंधा हातात धरायचो आणि लाकूड तसंच राही. घरी बायकोला वाटलं मला साखरेचा आजार झाला, तिनं रक्त तपासून घेतलं. रक्तात काही निघालं नाही. तिकडे गल्लीत बायका कुजबुजायला लागल्या होत्या की आरपारनं हलगर्जीपणा केला, एवढी जपायची बाई आणि याला वाचायला वेळ नाही. ते त्याच्या कानावर जात होतं. तो मान खाली घालून काचा कापत होता.

शेवटी एका सकाळी मी ताईच्या घरी गेलो. दार उघडताच उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. “बटण मी दाबलं, ताई. तो काच धरून उभा होता. चष्मा माझ्या खिशात होता. तो माझं नाव झाकतोय.”

ताईनं मला आत घेतलं. टेबलावर तिचा फोन होता, त्याच्याशेजारी बसवलं. “त्या दिवशी दुपारी मी तिला फोन केला होता,” ती म्हणाली. “तिला सकाळपासून डोकं दुखत होतं. दोनदा उलटी झाली होती. डोळ्यांपुढं काजवे दिसतायत म्हणाली. मी म्हटलं, भावोजींना फोन करते. तर म्हणाली, ‘अजिबात नको. आठ महिने झालेत, ते लोकांना सांगत फिरतायत आठ महिने झाले म्हणून. आज कळलं तर हातातलं काम टाकून येतील, आणि उद्यापासून पुन्हा जायचेच नाहीत.’ मला शपथ घातली तिनं. मी ऐकलं. जाऊन बघून यायला मला किती वेळ लागला असता? सात मिनिटं. पण माझे पाय दुखत होते.”

“म्हणजे उजेडानं नाही?”

“डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. दिवे लागले नसते तरी फिट कदाचित आली असती. कदाचित नसती. आत पलंगावर आली असती तर दगड लागला नसता. मी भावोजींना विचारलं ना, कुणी हो म्हटलं? ते त्यांच्यासाठी नव्हतं. मला कुणीतरी दुसरं हवं होतं.”

त्याला सांगावं की नाही, यावर आम्ही दोघं तासभर बसलो. मी म्हणत होतो, सांगू, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ताईला धीर होत नव्हता. शेवटी आम्ही दोघं मिळून गेलो. ताईनं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, जसं बहीण बोलली होती तसं.

आरपारनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो सुस्कारा टाकेल. त्यानं विचारलं, “उलट्या किती वाजता?”

“साडेअकरा. मग एकदा एक वाजता.”

“एकला आम्ही जेवत होतो,” तो म्हणाला. “त्या दंतवैद्यानं डबा मागवला होता आमच्यासाठी. मी दोनदा वाढून घेतलं.” आणि मग तो रडला. इस्पितळात रडला नव्हता, नंतरही नाही. तो मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून रडला, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तशीच येऊन बसली ती पायरीवर. डोकं दुखत असताना. मला दिसायला नको म्हणून हात वर केला तिनं.” ताईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी आपला उभा. ओझं काही उतरलं नव्हतं. आम्ही ते तिघांनी मिळून उचललं होतं, आणि तरी कुणाच्याच वाट्याचं कमी झालं नव्हतं.

त्यानंतर ताई परत येऊ लागली. गल्लीतल्या बायकांना तिनंच एकदा चांगलं सुनावलं, टेलिफोनच्या आवाजात. सर्व्हिसवाल्या मुलीनं आपल्या कचेरीत भांडून वर पत्र पाठवलं. पुढच्या सुधारणेत दिव्यांची कलमं माणसानं ठेवली तशीच राहू लागली, असं तिनं फोन करून कळवलं. आरपारनं “बरं झालं” म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. गाडी त्यानं विकली नाही. काचा न्यायला दुसरं काय होतं? पण तो आता उजेड असेपर्यंतच घरी येतो, मग काम अर्धं राहिलं तरी चालेल.

परवाची गोष्ट. एका नव्या घराच्या जिन्यातली उंच खिडकी होती. माप त्यानंच घेतलं, काच त्यानंच कापली, आणि मी केलेल्या चौकटीत बसवायला गेला तर काच रुंदीला दोन बोटं अपुरी. असं त्याच्या हातून झालेलं मी पाहिलं नव्हतं. तो काच धरून चौकटीतल्या मोकळ्या फटीकडे बघत राहिला. “मी मोजली होती,” तो म्हणाला. “मला वाटतं मी मोजली होती.”

मी त्याच्या हातातून काच घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि त्याला म्हटलं, जा, गाडीत बस जरा. मग मी चौकट उकलली. वरचा आणि खालचा तुकडा दोन-दोन बोटं कापला, सांधे पुन्हा पाडले, दोन्ही बाजूंना भिंतीच्या कडेनं लाकडी पट्टी लावून घेतली. तासभर लागला. घरमालक मध्येच येऊन म्हणाला, “अहो, चौकट तर बरोबर होती ना?”

“नाही,” मी म्हटलं. “माझंच माप चुकलं होतं.”

मग खाली जाऊन त्याला हाक मारली, आणि काच आम्ही दोघांनी मिळून बसवली.